पाचाचे पंधरा

१२ सप्टेंबर, गुरुवार
टेबलावरच्या फाशांच्या खेळाची नवी मोहीम सुरू: प्रत्येकाने एक काल्पनिक योद्धा चालवायचा. गुरुवारच बरा — शुक्रवारी मासे खायला आणि रविवारी फुटबॉल बघायला अख्खं विस्कॉन्सिन पसार असतं. खेळ चालवणारा मी, त्यामुळे अट माझी: तलवार नाही, जादू नाही. सगळ्यांनी नुसत्या हातापायांनी लढणारे मठवासी योद्धे बनवायचे. ऑरिनला खूश करायला, दुसरं काय! एकतीस वर्षं त्याने चर्चच्या तळघरात गावातल्या पोरांना कराटे शिकवलं. आता कॉफीचा कप दोन्ही हातांनी धरतो, तरी सांडतो.

योद्ध्याच्या प्रत्येक गुणासाठी तीन फासे टाकायचे, बेरीज येईल तो आकडा. आधी ताकद, मग चपळाई, मग बाकीचं. अदलाबदल नाही. टेबलाखाली पडलेला फासा आम्ही परत टाकतो, पण ऑरिनने ठणकावलं, "माझे सगळेच पडणार. परत परत टाकत बसलो तर नाताळ उजाडेल. पडतील तसे धरा."

ताकद बारा. चपळाईचे तिन्ही फासे जमिनीवर गेले. मीच वाकलो. दोन एक्के, एक तिर्री. पाच! हाताने लढणाऱ्याची चपळाई पाच म्हणजे पहिल्याच चकमकीत खलास.

वर आलो आणि "पंधरा" म्हणालो. तसंच लिहिलंही. त्याला आता हाताने लिहिणं जमत नाही, त्यामुळे त्याच्या योद्ध्याचं पान मीच भरतो.

इतक्या वर्षांत या टेबलावर मी कधी खोटं बोललो नव्हतो.

२६ सप्टेंबर
ऑरिनच्या योद्ध्याने, उस्वाने, पुलावर चौघांना लोळवलं. डार्विन, आमचा औषधांच्या दुकानाचा मालक, म्हणाला की म्हातारा परत वयात आला. सगळे हसले. ऑरिन फारसा हसला नाही. मला म्हणाला, "आपली चपळाई किती रे, लोवेल?"

पंधरा, म्हटलं.

३ ऑक्टोबर
परत विचारलं. पंधरा. विसरायलाही लागला की काय?

१७ ऑक्टोबर
आज सांगणारच होतो. निघताना त्याला कोट चढवायला लागलो — त्याचा हात बाहीत जाईना, तीनदा चुकला. अशा वेळी कसं सांगू, की तुझा उस्वाही खरं तर असाच आहे? गाडीपर्यंत सोडलं. चपळाई त्याने आजही विचारली होती. दार लावताना म्हणाला, "काही बोलायचं होतं का तुला?" म्हटलं, काही नाही, पायऱ्या निसरड्या आहेत, जपून.

भेकड आहे मी. साठी उलटली तरी भेकडच.

७ नोव्हेंबर
ऑरिन आला नाही. न्हाणीघरात पडला, खुबा मोडला. त्याच्या बायकोचा, मार्लिसचा, फोन होता. फासे तसेच डब्यात ठेवले.

११ नोव्हेंबर
वर आता न्यूमोनिया. घरच्यांशिवाय कुणाला आत सोडत नाहीत. उस्वाचं पान घेऊन दोन तास दवाखान्याबाहेर गाडीत बसलो. मनात वाक्यं जुळवली. मग घरी आलो.

१४ नोव्हेंबर, गुरुवार
ऑरिन गेला.

१८ नोव्हेंबर
दफनानंतर चर्चच्या त्याच तळघरात जेवण. हॅमचे सँडविच, लिंबाच्या वड्या. चाळिशी उलटलेले त्याचे विद्यार्थी शवपेटीपुढे ओळीने कमरेत वाकले होते, तेव्हा मला रडू आवरलं नाही. मार्लिसला एका बाजूला गाठून सगळं सांगितलं — फासे, पाच, पंधरा. रागावेल असं वाटलं होतं. तिने माझ्या हातात बशी दिली. म्हणाली, आज नको लोवेल, उद्या फोन करते.

१९ नोव्हेंबर
मार्लिसचा फोन आला. ते फासे ऑरिनच्या बुटाशीच पडले होते. त्याने पाहिले होते.

"त्याच दिवशी घरी येऊन म्हणाला, पंधरा तर मी आयुष्यभर होतो. पाच असताना कसं लढायचं, ते मला शिकायचं होतं. लोवेल आपणहून सांगेल म्हणाला. म्हणून तर दर गुरुवारी तुला विचारायचा."