जांभळा मका

१२ डिसेंबर
मका जांभळा पडला! पानांच्या कडा, देठ — सगळं. वरचं शेत यंदा सासरेबुवांनी माझ्या हवाली केलं आणि हे असं! पीक आलं तर पुढेही माझ्याकडे. नाहीतर शेजारी ते खंडाने, वर्षाचं भाडं भरून, कसायला घ्यायला टपलेलाच आहे.

सासरेबुवा बांधावर उभे होते. एक जांभळं पान खुडून उलटंसुलटं पाहिलं आणि घरी निघाले. मला भीतीच वाटली.

१३ डिसेंबर
जेवताना दोघांना समजावलं. पानं जांभळी म्हणजे पिकाला स्फुरद, फॉस्फरस, कमी पडतंय. स्फुरद पाण्याबरोबर वाहत नाही, पडेल तिथेच बसतं. वरून फोकलं, नुसतं विखरून टाकलं, की आमची चुनखडीची माती ते धरून ठेवते, पिकाला मिळतं चिमूटभर. म्हणून मी खत बियाण्याशेजारी, चार बोटं खोल पेरलं. पण या गारठ्यात मुळंच वाढेनात — जवळचं खतही त्यांना लांब! ऊन पडलं की पोचतील.

"म्हणजे ताट वाढलंय, पण पोर पांघरुणातून बाहेर येईना," सासूबाई म्हणाल्या. इतकं सोपं मला कुठे सांगता येतं!

सासरेबुवा: "जन्मभर फोकतोय, सूनबाई. जेवलोच की आपण." आणि माझ्या ताटात आणखी भात वाढला. उपाशी मका मीच असल्यासारखा!

१५ डिसेंबर
थंडी. जांभळा. शेजारी आला. म्हणे, "वांगी छान आलीत!" मी दात-ओठ खाल्ले. मग सासरेबुवांशी हळू आवाजात बोलत बसला. कशाबद्दल, ते कळायला ज्योतिषी नको.

१६ डिसेंबर
ओळींवर राखाडी दाणे! रातोरात कुणीतरी खत फोकलंय. मातीत उमटलेली पावलं ओळखीची — डावं जरा ओढलेलं.

"बाबा, खत?" सासरेबुवांना विचारलं.

"मी कशाला टाकू? वाऱ्याने आलं असेल."

वाऱ्याने! ओळी धरून! रागवावं की गळ्यात पडावं? खत वरच राहणार, वाया. पण माझी फजिती होऊ नये म्हणून हा माणूस दुखरे गुडघे घेऊन गारठ्यात शेतभर फिरला. रडूच आलं मला.

२० डिसेंबर
ऊन!!

२९ डिसेंबर
नवी पानं हिरवीगार! एक रोप उकरून पाहिलं — मुळं खोल खतापर्यंत पोचलीत, तिथे नुसता झुपका. वरचे दाणे होते तिथेच.

"बघ, वाऱ्याने काम केलं!" सासरेबुवा खुशीत. "हो बाबा," म्हटलं. शास्त्र गेलं खड्ड्यात. आज तरी.

३० डिसेंबर
शेजारी विहिरीवर भेटला. फणकाऱ्याने म्हणाला, "तुझा सासरा अजबच. त्या दिवशी, पानं जांभळी असताना, खंड वाढवून देतो म्हटलं. तर म्हणाला — शेत सुनेचं आहे, तिला विचार."