जखमी नंबर चार

४ मे
आपत्ती व्यवस्थापनाच्या ट्रेनिंगसाठी ऑफिसातून माझं नाव गेलं. साहेबांनी बरोब्बर हेरलं. आग लागो, दरड कोसळो, डोकं शांत ठेवणारा माणूस लागतो. प्रॉपर्टी टॅक्सच्या टेबलावर अशी माणसं वाया जातात. आमच्या हेडक्लार्क जयंतीबाई म्हणाल्या, बाकीच्यांच्या मे महिन्याच्या रजा आधीच मंजूर झाल्यात, म्हणून तुम्ही. जळतात लोक.

घरी सांगितलं, शेवटी भांडुपच्या एका मैदानावर मोठं मॉक ड्रिल आहे आणि इन्सिडेंट कमांडर मी. (अजून ठरायचंय. पण दुसरं आहे कोण?) गार्गीने विचारलं, म्हणजे बाबा, सगळे तुझं ऐकणार? पोरगी नऊ वर्षांची. घरात माझं कोण किती ऐकतं ते रोज बघते. तिचे डोळे एवढे मोठे झाले की मला फार बरं वाटलं.

संकल्प: उद्यापासून पहाटे नाहूर स्टेशनपर्यंत धावणे. कमांडर फिट पाहिजे.

५ मे
उठलो नाही. विश्रांती हीसुद्धा पूर्वतयारीच.

६ मे
घरासाठी आपत्कालीन पिशवी भरली. टॉर्च, दोरी, बँडेज, बिस्किटं.
रात्री: बिस्किटं खाऊन तपासली. चांगली आहेत. टॉर्चचे सेल नलिनीने रिमोटला घातले. बायकोच सहकार्य करत नाही तिथे प्रशासन काय करणार?

७ मे
ट्रेनिंग सुरू. ट्रेनर निवृत्त फायर ऑफिसर. आज जखमींची वर्गवारी. माणसं जास्त असली की लेबलं लावायची. चालू शकतो तो हिरवा. थोडा थांबू शकतो तो पिवळा. ताबडतोब उचलायचा तो लाल. आणि ओरडणाऱ्याकडे आधी धावायचं नाही, कारण ओरडतोय म्हणजे श्वास चालू आहे. आधी गप्प पडलेल्याकडे.
काळ्या लेबलाचं जेवणानंतर होतं. जेवणात श्रीखंड होतं. तेवढं टिपण नमिताकडून घ्यायचं. नमिता म्हणजे पाणी खात्यातली ज्युनियर इंजिनीअर. पहिल्या रांगेत बसून सगळं लिहून घेते. अशी माणसं ऐन वेळी गडबडतात.

नलिनीला वर्गवारी समजावली. ती म्हणाली, आधी सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करायला शिका.

९ मे
भूमिका वाटल्या. कमांडर नमिता. मी जखमी नंबर चार.
राजकारण, दुसरं काय? पण खरंच वाईट वाटलं. गार्गीला काय सांगू?

संध्याकाळी: शांतपणे विचार केला. जखमीच नसेल तर कमांडर काय करणार? म्हणजे ड्रिलचा कणा मीच. शिवाय अभिनय आमच्या रक्तात आहे. गावच्या दशावतारात एकदा राक्षसाच्या मागे उभा होतो.
घरी योग्य वेळ बघून सांगेन.

१० मे
रक्त म्हणून ते लोक लाल शाई देणार. फालतू. नलिनीने उन्हाळ्यासाठी केलेला कोकम सरबताचा पाक फ्रीजमध्ये आहे. घट्ट, रंग झकास. बाटली बॅगेत घातली.
मायलेकी उद्या बघायला येणार. गार्गीने माझा इस्त्रीचा शर्ट काढून ठेवलाय. सकाळी नक्की सांगतो.

११ मे, सकाळ
दोघी झोपल्यात. झोपमोड बरी नाही.

११ मे, संध्याकाळ
मैदानाच्या कोपऱ्यात आंब्याखालची जागा मीच मागून घेतली. सावली, आणि लांबून चेहरा ओळखू येत नाही. पाक डोक्यावर, शर्टावर, सढळ हाताने. आडवा झालो. सायरन वाजला की इमारत कोसळली असं धरायचं होतं. पण पाहुणे ट्रॅफिकमध्ये, म्हणून इमारत थांबली. मग दीपप्रज्वलन, शाल, श्रीफळ, प्रास्ताविक. तेवढ्यात मुंग्या आल्या. आंब्यावरच्या लाल. पाकात साखर असते हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

सायरन झाला आणि मी मनापासून ओरडलो. टाळ्या पडल्या. लेबलं लावायला राजेश आला, कीटकनाशक खात्यातला. म्हणाला, मयेकर, यार, ओरडतोयस ना, मग चालत ये तंबूपर्यंत. हिरवं लावलं. मुंग्यांचं सांगितलं तर म्हणाला, रीतसर कम्प्लेंट टाक.

तंबूसमोर पहिल्या रांगेत गार्गी बसली होती. चालत जाणं शक्यच नव्हतं. ठरवलं, गप्प पडायचं. स्ट्रेचर मिळेल, त्यावर तोंड लपवता येईल. राजेश परत आला, नाकाशी हात धरला. मी श्वास रोखला. त्याने काळं लेबल लावलं आणि वर पांढरी चादर टाकली. काळ्याला सगळ्यांच्या शेवटी उचलतात म्हणे. ते श्रीखंडानंतरचं.

चादरीखाली मी आणि मुंग्या. भोंग्यावरून नमिता एकेकाला कामं सांगत होती आणि सगळे ऐकत होते. चांगलं करत होती, लिहायला हरकत नाही. मग गार्गीचा आवाज आला, ही कोण, माझा बाबा कुठाय? दोघी मला शोधत निघाल्या. चादरीबाहेरचे बूट नलिनीने ओळखले. चादर ओढली आणि माझं लालभडक तोंड बघून अशी किंचाळली की नमितासुद्धा बोलायची थांबली. अहो, अहो करत खालीच बसली. मी एक डोळा उघडून हळूच म्हटलं, कोकम आहे. तिने बोट लावून चाखलं. म्हणाली, अख्खी बाटली? आणि रडायला लागली.

गार्गीने लेबल वाचलं. विचारलं, बाबा, तू कमांडर ना?
मी मेलेला होतो. उघडलेला डोळा परत मिटला.

१२ मे
अंग सुजलंय. रजा टाकली. नलिनी लोशन लावते.
दुपारी ट्रेनरचा फोन. घाटकोपर आणि मुलुंडच्या ड्रिलसाठी नाव सुचवायचंय म्हणाले. उठून बसलो. उशिरा का होईना, ओळखलं लोकांनी! त्यांनी विचारलं, मिसेस येतील का? नातेवाईकाचा असा आक्रोश त्यांनी कुठल्याच ड्रिलमध्ये ऐकला नव्हता. नलिनीने नाही सांगितलं. म्हणाली, तशी किंकाळी मुद्दाम येत नाही.

संध्याकाळी गार्गी पलंगाशी येऊन बसली. म्हणाली, बाबा, कमांडर नको आणि मेलेला पण नको. तू आपला टॅक्सच्या टेबलावरच बस ना.
बरं म्हटलं.