चिखल्याचं घर आणि त्याचं दार, रोशनीच्या नावे

मी शांती नारू तामोरे, वय चौपन्न, शिक्षण चौथी, धंदा सुकी मासळी, राहणार चिखले, तालुका डहाणू. पोटात गाठ आहे, डोकं ठिकाणावर आहे. कोणाच्या दबावाखाली नाही, माझ्या अकलेने हे मृत्युपत्र लिहिते. वकिलाने सांगितलं तेवढं त्याचं, बाकी माझं.

१. बोट, इंजिन व जाळी मुलगा जिग्नेश यास. बापाची आहेत, घेऊ दे. घर त्यास नाही. कारण त्याला माहीत आहे, तरी लिहिते.

माझी मुलगी भाविनी नवऱ्याचा मार खाऊन, दोन वर्षांच्या रोशनीला घेऊन घरी आली. नोकरी मिळेल म्हणून मोबाईलवर जपानी शिकायची. एकदा म्हणाली, "आई, तिकडे जुन्या काळी संकट आलं की राजा वर्षांचं नावच बदलायचा. मग परत एकपासून मोजायचं. एक नाव तर अडीच महिनेच टिकलं, ऱ्याकुनिन."

मी म्हटलं, "नाव बदलून जाळ्यात मासळी येते काय?"

ती हसली आणि दाराच्या आतल्या बाजूला कोळशाने लिहिलं: ऱ्याकुनिन, वर्ष १.

तीही अडीच महिनेच राहिली. जिग्नेशची सोयरीक ठरत होती. हा म्हणाला, "ताई घरात दिसली तर ते लोक उठून जातील." मी ऐकलं. माझ्या हाताने तिची ओटी भरली, सुक्या बोंबलांची टोपली दिली आणि रोशनीसकट सासरी जायच्या रिक्षात बसवलं. चार महिन्यांनी निरोप आला, विहिरीत पाय घसरला. पोहणारी पोर होती माझी.

२. घर माझ्या नावावर आहे. ते भांड्यांसकट नात रोशनी हिला. ती अठराची होईपर्यंत किल्ली शेजारीण सोमीकडे. विकायचं नाही, भाड्याने द्यायचं नाही. रोशनीचा बाप माझा फोन घेत नाही. ती येणार नाही हे मला कळतं. तरी रिकामं ठेवायचं.

३. दाराला रंग लावायचा नाही. जिग्नेशने दोनदा डबा आणला, दोनदा मी गटारात ओतला.

४. बोंबील सुकवायच्या वलांडी व सुऱ्या सोमीस. तिने धार नीट ठेवावी, तिची सवय मला ठाऊक आहे.

५. मयताला भाविनीच्या सासरचे आले तर चहा द्यायचा नाही. रोशनी आली तर आधी तिला दार दाखवा, मग मला.

राजाने नाव बदललं. मी बदललं नाही, दरवर्षी दारावर त्याच्याखाली पुढचा आकडा घालते. वकील म्हणतो अशी तारीख चालत नाही, म्हणून दोन्ही घातल्या.

साक्षीदार: कविता दिपक मर्दे (सही)
बाबल्या लहान्या दवणे (अंगठा)

लिहून देणार: शांती नारू तामोरे (सही)
ठिकाण: डहाणू
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५
ऱ्याकुनिन, वर्ष ९