कमी बोलणारा माणूस

बाबा, काल आम्ही हिंदमाताला गेलो होतो, तुमच्या नातीच्या लग्नाची साडी घ्यायला. तुम्ही तिला पाहिलं नाहीत. मी शाळेत असतानाच तुम्ही गेलात. ज्या दुकानात तुम्ही जन्मभर गादीवर बसून साड्या दाखवल्यात, तिथे आता एसी आलाय, काचेचं दार आलंय, गादी मात्र आहे. आईचा हट्ट, घ्यायची तर इथेच. मी म्हटलं, पार्किंगचे वांधे होतील. पण ऐकतंय कोण?

लेक गादीवर मांडी घालून बसली आणि म्हणाली, "मम्मा, आजोबा कसे होते गं?" मी नेहमीचं उत्तर दिलं. शिस्तीचे होते, कमी बोलायचे. हे वाक्य मी नवऱ्याला लग्नाआधी ऐकवलंय, लेकीला शाळेतल्या निबंधासाठी सांगितलंय. आणि ते काय खोटं आहे? लालबागच्या खोलीतली संध्याकाळ मला अजून दिसते. तुम्ही येताय, मोरीत मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करताय, जेवताना बोटानेच आमटी मागताय. मी शाळेतलं काहीबाही उत्साहाने सांगतेय आणि तुम्ही नुसती मान हलवताय. मला वाटायचं, या माणसाला माझ्यात काडीचा रस नाही. फार लागायचं हो ते. पन्नाशी उलटली तरी लागतं.

आई इतकी हसली की सेल्समनच्या हातातली साडीची घडी तशीच राहिली. "अगो, तुझो बापूस आणि गप्प! दिवसभर गिऱ्हाइकांशी बोलून बोलून घसा बसायचा त्यांचा. घरी येईपर्यंत आवाज उरायला नको?" मग तिने ती साडी ओढून घेतली, पदर स्वतःच्या खांद्यावर टाकला, तुम्ही टाकायचात तसा, आणि सुरू झाली. "ताई, आमसुली म्हणा, वांगी म्हणा, नावं आम्ही देतो. रंग बघायचा तर दारात चला, उन्हात!" अख्खं दुकान बघत होतं. या वयात गुडघे धरून चालणारी बाई, बाबा, दारापर्यंत ठुमकत गेली!

परत येऊन बसली आणि सहज म्हणाली, "तुझ्या शाळेच्या गोष्टी तर सगळ्या गिऱ्हाइकांना पाठ होत्या. मी डबा घेऊन यायचे ना, ऐकायचे. साडी राहिली बाजूला, म्हणायचे, आधी माझी पोरगी काल काय म्हणाली ते ऐका."

मी तिच्यावर भडकलेच. इतकी वर्षं सांगितलं का नाहीस? तर म्हणते, "तू विचारलंस कधी?" घ्या! सेल्समनने पाणी आणून दिलं, कारण मला रडू आवरेना. रडत होते, पण जीव कसा हलका हलका झाला होता. घरी येताना टॅक्सीत मी लेकीला सांगायला लागले, तुझे आजोबा भारी बोलके होते हं, आणि मध्येच थांबले. म्हटलं, झालं, बसवलं तुम्हाला पुन्हा एका शब्दात.

हे लिहून होईल आणि कपाटात जाईल, दुसरं काय. एक मात्र सांगून टाकते. आई तुमची नक्कल करत असताना लेकीने विचारलं, "सेम असाच होता त्यांचा आवाज?" मी पटकन हो म्हटलं. मला तुमचा आवाज आठवत नाही, बाबा. पण रविवारी मी आईला पुन्हा ती नक्कल करायला लावणार आहे.