बसूच्या कारवानीने तित्तर धरले नाहीत

प्रिय महिपती,

फोन तू उचलत नाहीस. दुकानावर आलो तर तुझा माणूस म्हणाला, मालक पुण्याला गेलेत. जीप मात्र मागच्या बाजूला उभी होती. म्हणून हे पत्र. कागदावरचं बोलणं मध्येच तोडता तरी येत नाही.

इकडे एमआयडीसीत टॉवेलची मोठी ऑर्डर आहे, सुट्टी मिळत नाही. तरी त्या रविवारी तू बोलावलंस आणि मी सांगोल्याच्या माळावर आलो. 'सया, लेका, माजी कुत्री बगायला ये, डोळ्याचं पारणं फिटंल,' म्हणालास. खरं सांगतो, फिटलं. तुझा पॉइंटर कुत्रा वाऱ्यावर नाक धरून चालता चालता एकदम थिजला. पुढचा एक पाय उचललेला, शेपूट ताठ, जणू कुणी त्याला तिथेच कोरून ठेवलं. गवतातला तित्तर आपल्या कुणालाच दिसला नव्हता. मग ती लांब कानांची स्पॅनियल बोरीच्या झुडपात घुसली आणि तित्तरांना तू आणि तुझ्या पाहुण्यांनी ताणलेल्या जाळ्याकडे रेटू लागली. जाळ्याखालून निसटून तुरुतुरु पळालेला एक तित्तर लॅब्राडोरने तोंडात धरून आणला, पीससुद्धा न मोडता. तीन जातींची तीन कुत्री, पण एकाने दुसऱ्याच्या कामात लुडबुड केली नाही. मी बघतच राहिलो. मग विचारलं, बंदूक का नाही? तू हसलास. 'आवाज हुतो की, येड्या!'

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. तित्तर मारायला बंदी आहे, हे तुलाही ठाऊक आहे. तुझ्या पाहुण्याने पहिल्या तित्तराची मान पिरगाळली आणि मी बांधाबांधाने गावाकडे निघालो. 'सया लई देवभोळा झालाय,' असं तू मागून ओरडलास. पाहुणे हसले. त्याचं मला काही वाटलं नाही.

पुढचं मला काशम्माने सांगितलं, बसू मेंढकेच्या बायकोने. वनरक्षकाची मोटारसायकल लांबून दिसली तशी तुम्ही तित्तरांची पिशवी माळावर मेंढरं चारणाऱ्या बसूच्या हातात दिलीत, 'जरा धर, आलोच,' म्हणालात आणि कुत्री, जाळं, पाहुणे सगळं जीपमध्ये घालून गेलात. बसू पिशवी धरून उभा राहिला, शेजारी त्याची कारवानी कुत्री. आता गुन्हा त्याच्यावर आहे. कुत्री जप्त झाली, तिकडे वनखात्याच्या आवारात बांधलेली आहे, अन्नाला तोंड लावत नाही म्हणे. काशम्मा एकटीच मेंढरं हाकते. कुत्री नाही म्हटल्यावर लांडग्याने कोकरू नेलं. एवढं होऊनही बसू तुझं नाव घेत नाही. हिवाळ्यात त्याची मेंढरं तुझ्या रानात बसतात ना! मी खूप समजावलं तर म्हणाला, 'मालकाचं नाव कसं घ्यायचं, दादा? उद्या बसायचं कुटं?'

आणि तू काय सांगितलंस चौकशीला? 'त्याचं कुत्रं शिकारी हाय, त्यानंच धरलं आसत्याल.' महिपती, दुसऱ्या कुणी हे म्हटलं असतं तर मी अजाण समजून सोडून दिलं असतं. तुझ्या आबांनी जन्मभर कारवानी पाळली. शाळा बुडवून आपण तिच्यामागे माळ तुडवला. कारवानी डोळ्याने शिकार करते. ससा दिसला की सुटते, मग तिला वारा गाठत नाही. पण गवतात दडून बसलेल्या पाखराचा ती माग काढत नाही. चुकून तोंडात आलंच, तर त्याचा चेंदा होतो. पिशवीतल्या तित्तरांवर दाताची खूण नव्हती, हे काशम्माने डोळ्यांनी पाहिलंय. हे सगळं माहीत असून तू तसं बोललास. तुझं बोलणं मला त्या जाळ्यापेक्षा जास्त लागलं.

सोमवारी उपास सोडायच्या आधी सिद्धेश्वराला गेलो, तळ्याकाठी बसलो. देवाला काही विचारलं नाही. विचारण्यासारखं काही उरलंच नव्हतं. घरी येऊन शकुंतलेला सांगितलं. ती म्हणाली, पायलच्या लग्नाचं काय? तुझ्या पायलच्या लग्नात मामा म्हणून मी तिच्या पाठीशी उभं राहायचं ठरलंय. ते काम तू दुसऱ्या कुणाला दिलंस तर मी वाईट वाटून घेणार नाही, असं लिहिणार होतो. पण ते खोटं होईल. फार वाईट वाटेल.

तरी शुक्रवारची रजा टाकली आहे. त्या दिवशी सकाळी मी वनखात्याच्या कार्यालयात जाऊन जबाब देणार आहे. जाळं कुणाचं होतं, कुत्री कुणाची होती, कुठल्या कुत्र्याने काय केलं, हे सांगेन. पिशवी देताना मी पाहिलं नाही, तेही तसंच सांगेन. मी तिथे होतो, हेही लपवणार नाही; त्याचं जे होईल ते होवो. त्याआधी तू स्वतः गेलास तर मी तुझ्याबरोबर येईन, आत तुझ्याशेजारी उभा राहीन. नाही आलास तर एकटा जाईन. तुझ्या पाठीमागे हे करायचं नव्हतं, म्हणून आधी तुला लिहिलं. माझं मन वळवायला येऊ नकोस. आलास तर गाडी घेऊन ये, दोघं मिळून जाऊ.

तुझाच,
सयाजी