सातव्या मैलाचा दगड परत जागेवर बसवण्याविषयी

प्रति,
मा. उपअभियंता साहेब,
रस्ते उपविभाग कार्यालय,
वाशीम, जिल्हा अकोला

अर्जदार: देवमन भिवाजी पडघान, निवृत्त प्राथमिक शिक्षक, मौजे तांदळवाडी, ता. वाशीम

विषय: वाशीम–मंगरूळपीर रस्त्यावरील सातव्या मैलाचा जुना दगड मूळ जागी बसवून मिळणेबाबत.

संदर्भ: आपले पत्र दि. १२ जून १९७२ (अर्जदाराने उत्तर दिलेले नाही).

महोदय,

१. वरील पत्रात आपण विचारले होते की, मैलाचे दगड काढून किलोमीटरचे बसवायचे आहेत, तरी कोणत्या दगडाशी कोणाचा हक्क जोडलेला असल्यास पंधरा दिवसांत कळवावे. गावात लिहिता-वाचता माणूस म्हणून ते पत्र अर्जदाराकडे आले. हक्क जोडलेला होता. तरी अर्जदाराने कळवले नाही. कार्यालयाकडे यात काही दोष नाही, हे प्रथमच नमूद करतो.

२. सन १९५८ मध्ये कै. हरिसिंग यांनी गावातील बौद्ध कुटुंबांना मयतमातीसाठी आपल्या शेतातून अर्धा एकर जागा दिली. दान देणाऱ्याने जमीन स्वतःच्या पावलांनी मोजून द्यावी, अशी आमच्याकडे रीत आहे. हरिसिंग चालले आणि अर्जदाराने साध्या कागदावर लिहिले: "सातव्या मैलाच्या दगडापासून दक्षिणेस चाळीस पावले, तेथून जागा सुरू." त्या वेळी लोक म्हणाले होते, "मास्तर, बाभळीपासून मोजा." अर्जदाराने उत्तर दिले की, बाभूळ उद्या कोणीही तोडील, सरकारचा दगड कोण हलवणार? हे वाक्य अर्जदाराला अलीकडे फार आठवते.

३. आपले पत्र आल्यावर उत्तरात अंतर बिनचूक असावे म्हणून अर्जदार स्वतः मोजायला गेला. पहिल्या दिवशी त्रेचाळीस पावले भरली, दुसऱ्या दिवशी अठ्ठेचाळीस, तिसऱ्या दिवशी मधेच दम लागला. हरिसिंग सहा फुटी होते. सरकारला खोटा आकडा कसा कळवावा, या विचारात सात मसुदे झाले आणि पंधरा दिवस निघून गेले.

४. पुढे दगड निघाला. रस्त्याच्या कामावरील गँगचे मुकादम मोहनसिंग यांना विचारले असता ते म्हणाले, "गुरुजी, दगड चांगला मजबूत व्हता, फेकाचा काहून? पाठमोरा केला अन् तिकडं लावला." म्हणजे सात मैलांचा तोच दगड आता अकरा किलोमीटरचा झाला असून वाशीमच्या बाजूस सुमारे आठशे सत्तर फूट सरकला आहे. शेताकडून पाहिल्यास त्यावर जुना सातचा आकडा अजून दिसतो. काटकसर म्हणून हे योग्यच आहे. परंतु आता कागदाप्रमाणे मोजले तर आमची स्मशानभूमी नाल्याच्या पात्रात येते.

५. गेल्या पौषात आमच्या वस्तीतील भागिरथाबाई वारल्या. तिरडी रस्त्यावर आली तेव्हा हरिसिंगांचे चिरंजीव उदयसिंग कागद घेऊन उभे होते. ते म्हणाले, "बापानं देल्लं ते देल्लं. जुन्या मातीले मी हात लावत नाही. पण नवीन माती कागदानं." मग सर्वांनी मिळून त्या सरकलेल्या दगडापासून चाळीस पावले मोजली. सगळे नाल्याच्या काठावर येऊन थांबले. मयताचा मुलगा जगदेव अर्जदाराला एवढेच म्हणाला, "मास्तर, तुमीच लिवलं नव्हं?" त्याने अखेर आईला आपल्याच शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, माती दिली. अर्जदार चार दिवस घराबाहेर पडला नाही.

६. हल्ली चंपाबाई अंथरुणाला खिळून आहेत. त्यांचे पती त्या जागेत आहेत आणि शेजारची जागा त्यांनी मनाशी धरली आहे. अर्जदार समाचाराला गेला असता म्हणाल्या, "मास्तर, मी मराले तयार हाव. तुमचा दगड कवा तयार होते ते सांगा." घरातले हसले. अर्जदाराला हसू आले नाही.

७. उदयसिंग मनाने वाईट नाहीत. उंचीने वडिलांवर गेले आहेत. "दगड जाग्यावर आला तं मी सोता चालतो," असे त्यांनी चार लोकांत कबूल केले आहे. दगडाचा मूळ खड्डा अद्याप बुजलेला नाही. तरी दगड तेथे परत बसवावा, किंवा तो कोठून कोठे नेला याचा दाखला द्यावा. किलोमीटरसाठी दुसरा दगड लागल्यास गावकरी खाणीतून आणून देतील.

उत्तरास एकवीस महिने उशीर करणारा,
देवमन भिवाजी पडघान
दि. ९ मार्च १९७४

सोबत: १) दानपत्राची नक्कल. २) मूळ खड्ड्याचा हाताने काढलेला नकाशा (प्रमाणात नाही).

ता. क. दि. ११ मार्च, गावचे पोस्ट. अर्ज स्वच्छ लिहावा म्हणून दोन दिवस ठेवून घेतला होता. चंपाबाई आज पहाटे वारल्या. कलम ६ मधील मजकूर आता खरा राहिला नाही, म्हणून त्यावर रेघ मारली आहे. पुन्हा नव्याने लिहीत बसलो नाही. लोक तिरडी घेऊन रस्त्यावर थांबले आहेत. उदयसिंगही आले आहेत, पण दगड नाही तर निघायचे कोठून, असे म्हणतात. दगडाच्या खड्ड्यात मी उभा राहतो, तुम्ही माझ्यापासून चाला, असे मी त्यांना सांगितले. ते अद्याप हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. मला तिकडे जायचे आहे. पाकीट रजिस्टर करून पोस्टमास्तरांच्या हाती दिले.