बिजागरीचे चार स्क्रू

३ मार्च
वकिलाने दोन तास ताटकळत ठेवलं आणि पाणीसुद्धा विचारलं नाही. वर म्हणतो, "आजी, तुम्ही बाहेर बसा, हे किचकट आहे." तीस वर्षं कॉप्या काढायचं दुकान चालवलंय मी. तिथेच बसले.

किचकट कसलं! लेकीने कॉपी मशीनसाठी एक रोलर शोधून काढला – एका वेळी एकच कागद ओढणारा. पेटंट तिचं. मोठ्या कंपनीने तो उचलला. खालच्या कोर्टात हरलो. का, तर पेटंटात आहे "मशीनला बसवलेला रोलर". कंपनी म्हणते, बसवलेला म्हणजे स्क्रूने आवळलेला. त्यांचं म्हणणं, "आमचा नुसता दाबून बसतो, हाताने निघतो, म्हणजे ही तुमची नक्कल नाही." आता अपील. हेही गेलं तर लेकीची दहा वर्षं पाण्यात.

४ मार्च
मला कवळी बसवलेली आहे. घासायला काढते. म्हणून ती बसवलेली नाही? वकिलाला सांगितलं. मेला हसला. मग गुपचूप लिहून घेतलं.

९ मार्च
नातीकडून पेटंटाचे कागद वाचून घेतले. मला ती कायद्याची भाषा अडते. लेकीने त्यात स्वच्छ लिहिलंय – रोलर आठवड्याला हाताने काढून पुसावा. मग स्क्रूचं खूळ आलं कुठून? नात म्हणाली, "चित्रात आहेत की, आजी. चार."

चष्मा लावून बघितलं. तीन गोल डोक्याचे, एक चपटा. माझेच!

तो रोलर लावलेलं पहिलं मशीन माझ्या दुकानात होतं. गिऱ्हाईकं रोलर काढून हातात खेळवत बसायची. वैतागून मी दाराच्या बिजागरीचे उरलेले स्क्रू आवळून टाकले. त्याच आठवड्यात पेटंटाची चित्रं काढणारा ड्रॉइंगवाला आला, दिसलं तसं काढून गेला. लेक तापाने फणफणलेली. न बघता सही केली.

जेवताना लेकीला सांगितलं. मग म्हणाली, "आई, कशाला म्हणून हात लावायचं सोडलं नाहीस तू." भात मात्र दोनदा घेतला.

१२ मार्च
वकील म्हणतो, अपिलात नवीन काही सांगता येत नाही, गप्प बसा. बघू.

१७ मार्च
कोर्ट. वकील बरा बोलला. माझी कवळीही काढली – बोलण्यात. न्यायाधीशबाईंनी विचारलं, "रोलर हाताने काढायचा, तर चित्रात स्क्रू कशाला?" वकील कागद उलटतोय, उलटतोय. मी उठले. "ते मी मारलेत."

कंपनीचा वकील ताडकन उभा. बाई म्हणाल्या, "आजी, खाली बसा." बसले. पण त्यांनी काहीतरी लिहिलं, मी पाहिलं.

घरी येईपर्यंत लेक दहा पावलं पुढेच चालली. चालू दे. स्क्रू मारले ते चुकलं. सांगितलं ते चुकलं नाही.

२ एप्रिल
आधीचा निकाल रद्द! प्रकरण परत खालच्या कोर्टात. स्क्रू कुणी, कधी, कशाला मारले – हे वकिलाने सांगायचं नाही, लेकीनेही नाही. ज्या बाईने मारले तिनेच उभं राहून उत्तर द्यायचं, असा हुकूम.